पस्तीसची लेन्स फोडून टाकावी

मी, खाली सही करणार, धंद्याने वृत्तपत्राचा छायाचित्रकार, आता निवृत्त, डावा डोळा नसलेला आणि उजवा अजून कुणालाही भारी पडेल असा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या दडपणाला, गोडीगुलाबीला किंवा रडारडीला बळी न पडता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी सर्जन माझी छाती करवतीने उघडणार आहे. माणूस चांगला आहे असे म्हणतात. पण हातात हत्यार असलेल्या माणसांचा मला बराच अनुभव आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. धमक्या पुष्कळ दिल्या आहेत, त्या सर्व या लेखाने रद्द समजाव्यात. ज्या कायम ठेवायच्या आहेत त्या खाली कलमवार दिल्या आहेत.

माझ्या मनःस्थितीबद्दल शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून दाखला दिला आहे. "बुद्धी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "रागाचं मात्र मी काही लिहून देणार नाही."

कलम एक. राहते घर, त्यातील सर्व सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या बायकोचे. त्यात कुणाचाही वाटा नाही. दारामागे उभी असलेली लोखंडी सळईही तिचीच, कारण वारा सुटला की ती दाराला तीच लावते. ज्या सळईने नवऱ्याचा डोळा गेला तिचा असा उपयोग करणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

कलम दोन. कॅमेरे व लेन्स. देण्यापूर्वी थोडे सांगणे भाग आहे, नाहीतर वाटणी कुणाला कळणार नाही.

नवशिकी पोरे मला येऊन विचारतात, "काका, रोज कॅमेऱ्यावर कोणती लेन्स ठेवावी?" मी विचारतो, मार खायची तयारी किती आहे? लेन्सचा आकडा जितका लहान, तितकी तिची चौकट रुंद. पन्नास ही शहाण्यासुरत्या माणसाची लेन्स. समोर जेवढे आहे तेवढे दाखवते, वर काही बोलत नाही. पंच्याऐंशीवाल्यांना चेहरे हवे असतात, माणसे नकोत. ते लांब उभे राहतात. अठ्ठावीसवाले हावरट, त्यांना अख्खी गल्ली एका ताटात हवी. मी पस्तीस एमएम घेतली, कारण तिच्यातून भांडणाचा फोटो काढायचा तर भांडणात जावे लागते. शिवी देणाऱ्याची थुंकी काचेवर उडाली नाही तर मला फोटो काढल्यासारखे वाटत नसे.

आणि रोज एकच लेन्स का, तर पायांसाठी. रोजची चप्पल पाय न बघता शोधून काढतो, तसे माझे पाय पस्तीस ओळखत. समोरचा माणूस चौकटीत डोक्यापासून गुडघ्यापर्यंत भरला की पायांना कळायचे, बस, याच्या हातातली काठी इथवर पोचत नाही. आणखी पुढे गेलास तर पोचेल. हे मला कुणी शिकवले नाही. पाठीवर, खांद्यावर आणि एकदा जबड्यावर खाऊन शिकलो.

त्याप्रमाणे पन्नासची लेन्स आमच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याच्या मुलीस द्यावी. ती शहाणी आहे. अठ्ठावीस नदीत फेकावी. कारण पुढील कलमात.

कलम तीन. माझा डोळा. डोळा वाटणीत नाही, पण तो कसा गेला ते नोंदवल्याशिवाय मी मरणार नाही.

माझी लेक जन्मली त्या सकाळी मी दवाखान्यात नव्हतो. गोदामाच्या फाटकावर हमालांचा संप चालू होता आणि मालकाने भाडोत्री माणसे आणली होती. निघताना कपाट उघडले तर पस्तीस गायब. माझ्या धाकट्या भावाने मला न विचारता नेली होती. म्हणे, बाळाचा फोटो काढायचा होता. दवाखान्याची खोली एवढीशी, आणि त्याच्या लांबड्या लेन्समध्ये बाळाचे नुसते नाक आले असते. मी घाईत होतो. अठ्ठावीस तर अठ्ठावीस, म्हणून ती चढवली आणि पळालो.

फाटकाशी एका हमालाला दोघांनी धरले होते आणि मुकादम त्याच्या गुडघ्यांवर सळई घालत होता. हाड मोडल्याचा आवाज लहान असतो, गर्दीत ऐकू येऊ नये इतका, पण येतो. मी बटण दाबत पुढे गेलो. मुकादम हमालाला सोडून माझ्याकडे वळला. चौकटीत तो डोक्यापासून गुडघ्यापर्यंत भरला. पाय म्हणाले, थांब, इथे तुला धोका नाही. पाय पस्तीसच्या हिशेबाने बोलत होते. अठ्ठावीसमध्ये माणूस तेवढा दिसतो तेव्हा तो जवळ आलेला असतो, एका पावलाने जवळ. सळई आली ती पूर्ण आली.

डाव्या डोळ्यातून काहीतरी कोमट गालावर उतरले. उजव्याने मी आणखी एक फोटो काढला. मग कॅमेरा पट्ट्याला धरून गरगर फिरवला आणि मुकादमाच्या तोंडावर घातला. त्याचे पुढचे दात गेले. तो खाली पडल्यावर पुन्हा घातला. कॅमेऱ्याचा कोपरा तेव्हापासून चेपलेला आहे, तो कुणीही सरळ करू नये. सळई हमालांनी नंतर मला दवाखान्यात आणून दिली, जणू माझीच हरवली होती.

कलम चार. माझा काचेचा डोळा त्या वेळच्या संपादकसाहेबांना द्यावा. शुद्धीवर आलो तेव्हा खाटेपाशी ते होते. डोळा राहिला का, हे त्यांनी विचारले नाही. "फोटो आलाय का?" असे विचारले. मी उठून त्यांची कॉलर धरली होती, पण नर्सने सोडवली. राहिलेले काम डोळा करील. डबीत घालून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवावा.

कलम पाच. माझा हातोडा धाकट्या भावास द्यावा.

दवाखान्यातून सुटल्यावर मी घरी गेलो नाही, हा हातोडा घेऊन त्याच्या दुकानात गेलो. ओळखपत्राचे फोटो काढून देण्याचे त्याचे छोटे दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. माझी पस्तीस खिशात घातली, त्याची ती लांबडी दोनशेची लेन्स काउंटरवर ठेवली आणि फोडली. मग काउंटरची काच फोडली, मग दिवे. काचा त्याच्या अंगावर उडत होत्या. तो हाताची घडी घालून उभा होता.

"फोड दादा," तो म्हणाला. "मन भरेपर्यंत फोड. फक्त बाळाचा फोटो राहू दे. तो एकच आहे."

माझे मन भरले नाही. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. एका बाजारात राहून तोंड चुकवणे सोपे नसते, पण त्याच्या दुकानावरून जाताना मी डोळा नसलेली बाजू तिकडे ठेवतो, म्हणजे तो दिसत नाही. तो फोटोही मी आजवर पाहिलेला नाही. हातोडा देताना त्याला सांगावे, की दादाने तुला माफ केलेले नाही आणि मेल्यानेही त्यात फरक पडलेला नाही.

हे कलम मी बायकोला वाचून दाखवले. "अहो, मेल्यावर तरी सोडा त्या बिचाऱ्याला," ती म्हणाली.

"मेल्यावर मला दुसरं काम काय असणार आहे?" मी म्हणालो. ती भांडी आपटत आत गेली. आमच्या घरात याला चर्चा म्हणतात.

कलम सहा. पस्तीसची लेन्स.

माझी लेक, जिला आम्ही ठिणगी म्हणतो, माझ्याच वृत्तपत्रात माझेच काम करते. माझीच पस्तीस वापरते. हातात कॅमेरा आला तेव्हापासून दुसरी लेन्स तिने धरलेली नाही. मध्यंतरी तिची आई तिची पाठ शेकत होती तेव्हा मी दारातून वळ पाहिले. काठीचे होते. काठीचे वळ मी ओळखतो. पाठ फिरवली होती म्हणून पाठीवर आले, एवढेच. मला मरणाची भीती वाटत नाही. तिच्या डोळ्यांची वाटते. ती इतकी वाटते की झोपेत मी मुकादमाला मारत असतो आणि वळून पाहतो तर सळई माझ्याच हातात असते.

सबब पस्तीसची लेन्स कुणालाही मिळणार नाही. कॅमेरा दुरुस्तीवाल्यास मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमत आहे. हातोडा धाकट्याकडे जाण्यापूर्वी त्याने त्याच हातोड्याने ती लेन्स फोडावी. नुसता तडा जाऊन चालणार नाही, पूड झाली पाहिजे. पंच्याऐंशीची लेन्स लेकीस द्यावी. तिने लांब उभे राहावे, चेहरे टिपावेत आणि म्हातारी व्हावे.

याची सुरुवात मी आजच केली आहे. बाजारातली दुकाने आज पाडणार आहेत. पाडणारे पहारी घेऊन आले आहेत, दुकानदार काठ्या घेऊन उभे आहेत, आणि ठिणगी सकाळीच तिकडे गेली. ती बुटांच्या नाड्या बांधत होती तेव्हा मी तिच्या कॅमेऱ्यावरची पस्तीस काढली आणि पंच्याऐंशी चढवून कॅमेरा पिशवीत ठेवला. तिला विचारले नाही. बापाला विचारावे लागत नाही. पस्तीस आता याच कागदावर ठेवली आहे, पंख्याने कागद उडू नये म्हणून.

येथे लेखन थांबवावे लागले. पुढचा मजकूर संध्याकाळी लिहीत आहे. कागदावरचे तपकिरी डाग शाईचे नाहीत, ते खाडाखोड समजू नयेत.

कलम सात. दारावर लाथ बसली. उघडले तर धाकटा. त्याने ठिणगीला उचलून आणले होते. तिचा अर्धा चेहरा रक्ताने झाकला होता, डावी बाजू, आणि त्याचा सदरा गळ्यापासून लाल होता.

"दादा, बघत काय राहिलास, पाय धर तिचे!" इतक्या वर्षांनी तो माझ्याशी हे पहिले वाक्य बोलला.

मी पाय धरले. तिला याच टेबलावर ठेवले. बायकोने शेजारून बोलावून आणलेल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त पुसले, आणि त्या पुसत असताना मी देवाला, सर्जनला आणि मुकादमाला एकाच दमात शिव्या घातल्या. भुवई उभी फाटली होती. बाईंनी पापणी उघडून दिव्याखाली पाहिली. "डोळा वाचला," त्या म्हणाल्या. "जरा खाली बसलं असतं तर नसता वाचला." मग टाके घातले. ठिणगी ओरडली नाही, तिने माझ्या हाताला नखे रोवली. रक्त माझेही निघाले.

टाके झाल्यावर ती बोलू लागली. "समोर पहारवाला होता, बाबा. चौकटीत नुसती त्याची छाती येत होती. म्हणून मी मागे सरकले. मग आणखी मागे. पाय कुठे थांबायचं तेच विसरले. मागे काठ्या चालू होत्या, ते मी पाहिलंच नाही. वळले तेव्हा पहिली बसली. काका दुकानातून धावत आले नसते तर दुसरीही बसली असती." दुसरी काठी त्याने स्वतःच्या मनगटावर घेतली होती. ते सुजून मोडक्या फळीसारखे लोंबत होते आणि तो त्याबद्दल काही बोलला नव्हता.

"बाबा, लेन्स तुम्ही बदललीत ना?"

"हो."

"का?"

"तुला लागू नये म्हणून."

बायकोच्या हातात रक्ताचा बोळा होता, तो तिने तसाच धरून ठेवला.

मग धाकटा हळूच म्हणाला, "मीही बाळासाठीच नेली होती रे, दादा."

उत्तर सुचले नाही की मी हात उचलतो, हे सर्वांना माहीत आहे. उचलला, आणि त्याच्या मनगटाखाली धरला, कारण डॉक्टरीणबाईंना पट्टी बांधायची होती. त्याने दात आवळले. बांधून झाल्यावर त्याने डाव्या हाताने पाकिटातून तो फोटो काढून टेबलावर ठेवला. मी पाहिला. बाळ मुठी आवळून कुणाला तरी मारायला निघाल्यासारखे दिसते. फोकस बरोबर डोळ्यांवर आहे. फोटो उत्तम आहे. हे मी लिहीत आहे, तोंडाने म्हणणार नाही.

कलम आठ. कलम सहा रद्द. पस्तीस फोडू नये. ती माझ्या मालमत्तेतही धरू नये, कारण ठिणगीने पडल्या पडल्या ती कागदावरून उचलून कॅमेऱ्यावर चढवली आहे. यापुढे तिला विचारल्याशिवाय तिच्या कॅमेऱ्याला कुणीही हात लावू नये. बापानेसुद्धा. पंच्याऐंशी कुणालाही द्यावी.

कलम नऊ. साक्षीदार. पहिल्या साक्षीदार डॉक्टरीणबाई. दुसरा म्हणून दुरुस्तीवाला यायचा होता, पण बाजाराचा रस्ता बंद आहे आणि बाहेर अजून काचा फुटत आहेत. सोमवारच्या आत सही होणे जरूर आहे. बायको वारस आहे, ठिणगी पडून आहे; घरात मोकळा माणूस एकच आहे.

मी धाकट्याला कायदा समजावून सांगितला. जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. त्याच्यासाठी जे लिहिले असेल ते बाद होते. मग त्याला कलम पाच मोठ्याने वाचून दाखवले, शेवटच्या शब्दापर्यंत.

त्याने विचारले, "म्हणजे सही केली तर हातोडा गेला?"

"गेला."

"आणि ते माफ न करणं?"

"तेही त्याच कलमात आहे."

त्याने पेन मागितले.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (केली आहे)

साक्षीदार एक: डॉक्टरीणबाई, शेजारी. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहे.

साक्षीदार दोन: मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ. उजवा हात बांधलेला असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. कागद हलू नये म्हणून तो मृत्युपत्र करणाऱ्याने धरला होता.

ठिकाण: घर, पुढची खोली. तारीख डॉक्टरीणबाईंनी आपल्या अक्षरात घातली आहे.