उजवीकडचं टेकण

प्रिय मेरवी,

तुझ्या आजोबांपुढे मी हात टेकले. चोपन्न वर्षं संसार केला, पण या माणसाच्या डोक्यात शिरायचं दार मला अजून सापडलेलं नाही. फोनच केला असता, पण फोन त्याच्या खुर्चीपाशी, आणि तो जरा फिरला की पुन्हा त्याच खुर्चीत. आधी आनंदाचं सांगते. तुझं बाळ पोटात लाथा मारतंय हे तुझ्या आईकडून कळलं आणि मी अंगणात एवढी हसले की कोंबड्या घाबरून पांगल्या. मोज्यांचे दोन जोड झाले. तिसऱ्याची टाच चुकली, ती उसवली. परसातला आंबट देठांचा रुबार्ब यंदा इतका माजलाय की कोणाला देऊ कळत नाही.

तर तो न्हाण्याचा लाकडी टब. जुन्यात तुझी आई न्हाली, तू न्हालीस, आता तो चाळणीसारखा गळतो. म्हणून बाळाचं पहिलं न्हाणं नव्या टबात व्हावं, हे त्यानेच मनावर घेतलं. अठरा फळ्या, प्रत्येकीच्या दोन्ही लांब कडा तिरप्या कापायच्या, म्हणजे गोलात बसतात. मला कोणी शिकवलं नाही, दोन हिवाळे फिरत्या मास्तरांकडे बसले तेवढीच माझी शाळा, पण गेल्या वर्षी तू साउनाच्या, आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाकाच्या पट्ट्या तिरप्या कापल्यास ते मी दारातून पाहिलं होतं. आधी तू मोटरच्या करवतीवरचं टेकण, ज्याला लावून फळी सरळ सरकते ती पट्टी, उचलून पात्याच्या डावीकडे नेलंस. फळी सरकवताना पात्याच्या रेषेत न थांबता बाजूला उभी राहिलीस. शेवटची वीत हाताने नाही, काठीने ढकललीस. आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत तुकड्याला हात लावला नाहीस. मला एका नजरेत कळलं. आपलं पातं उजवीकडे कलतं. टेकणही उजवीकडेच ठेवलं तर फळी कललेल्या पात्याखाली कोंडते, आणि कोंडलेलं जनावर लाथ मारणारच.

ईस्टरला तू तेच त्याला सांगितलंस. वाईट काय सांगितलंस? पण त्याचं ते बोलणं: "माझ्या बापाने टेकण उजवीकडे ठेवलं, मी चाळीस वर्षं उजवीकडे ठेवलं. तू शाळेत जाऊन डावी बाजू शिकून आलीस होय?" तूही काही कमी नाहीस हो. कॉफी ओतलेली तशीच ठेवून गाडीत बसलीस. आपल्या घरातून कॉफी न पिता कोण गेलंय आजवर, एक तो कर वसूल करणारा सोडला तर? तुम्ही दोघं एकाच झाडाचे, गाठीही त्याच जागी. मधे मी, रोज दोघांच्या वतीने चिडायला.

तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे, पण कळवते. मागच्या मंगळवारी मी गालिचे झोडपत होते. शेडमधून बंदुकीसारखा आवाज आला. सातवी फळी. ती उलटी सुटली आणि त्याच्या बरगड्यांत बसली. फळीच्या सरळ मागेच उभा होता ना! दोन बरगड्या मोडल्या. वीतभर वर लागली असती तर हे पत्र मी काळे कपडे घालून लिहिलं असतं. डॉक्टरांना सांगितलं, साउनाच्या पायरीवरून घसरलो. शेजारच्या कालेर्वोलाही तेच. कालेर्वो म्हणाला, "ओइवा, तुमच्या साउनाला तर पायरीच नाही." तर हा म्हणे, म्हणूनच घसरलो.

डॉक्टर म्हणाले सहा आठवडे आराम. हा म्हणाला, बारा फळ्या उरल्यात, सोमवारी कापायला घेतो. मी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, त्याचं जेवण न वाढून पाहिलं. त्याने स्वतः वाढून घेतलं. टेकण हलवा म्हटलं तर म्हणतो, ते गंजून बसलंय. खोटं. त्याचा अभिमान गंजून बसलाय.

म्हणून रविवारी तो दुपारी झोपला तेव्हा मी शेडमध्ये गेले आणि मोटरवरून करवतीला फिरवणारा पट्टा काढून घेतला. बोटं काळी झाली, दोनदा धुतली. पट्टा पत्रासोबतच्या या पुडक्यात मोज्यांच्या खाली आहे, जुन्या टॉवेलमध्ये. सोमवारपासून तो शेड, तळघर, कोंबड्यांचं खुराडं, सगळं उलथंपालथं करतोय. नवा आणायला बरगड्यांमुळे गाडी चालवता येत नाही, आणि कालेर्वोला आणायला सांगावं तर पायरीची गोष्ट उघडी पडते. काल कसंबसं विचारलं, "लेम्पी, करवतीचा पट्टा दिसला का कुठे?" मी म्हटलं, भाकरी भाजतेय, मधे बोलू नका. मेरवी, तू ये. भांडू नकोस, समजावूही नकोस. आधी टेकण डावीकडे घे आणि मगच पट्टा बसव. उरलेल्या फळ्या त्याच्यासमोर काप, त्याला फक्त मापं सांगू दे. तू येईपर्यंत मी भाकरीच भाजत राहणार आहे. पीठ शनिवारपर्यंत पुरेल.

तुझीच,
लेम्पी आजी