आईच्या टीव्हीवरच्या मुंग्या

दादा,

तुझ्या खोलीतला सेटटॉप बॉक्स मी काढून आईच्या टीव्हीला लावलाय. आल्या आल्या आरडाओरडा करू नकोस, ती झोपली आहे.

जुनी केबल बंद होणार, प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स लागणार, हे केबलवाल्याने तुलाच सांगितलं होतं ना? तू एकच आणलास, तोही स्वतःपुरता. वर आईच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या, तर तिला म्हणालास, "टीव्ही ठीक आहे, तुझे डोळेच गेलेत." जीभ कशी रेटली तुझी?

तिने ते खरं मानलं. आज मी आले, तेव्हा त्या मुंग्यांसमोर बसून डोळ्यांत औषध घालत होती. म्हणाली, "डोळ्यांचं ऑपरेशन वाया गेलं गं. दादाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

वाटतंय का?

धाकटी