दमट हवेचे दिवस

२ मार्च, सकाळी ७. दिवस १०१.
शंभरी पार. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो तेव्हा बायको म्हणाली होती, आठ दिवस टिकलात तरी खूप झालं. तिला आकडा सांगावासा वाटतो, पण ती माझ्याआधीच मोजत असणार.
आजपासून पुन्हा फर्निचर पॉलिशचं काम. मुलीने नातीच्या अभ्यासासाठी एक जुनं टेबल आणून टाकलंय. तिची अट सरळ आहे. सव्वाशे दिवस दारूविना कोरडे राहा, मग नात शाळेतून रोज दुपारी तुमच्याकडे. टेबलही त्याच दिवशी न्यायला येणार. चोवीस दिवस राहिले. डाव्या हातचा मळ.

३ मार्च. दिवस १०२.
व्यसनमुक्तीच्या ग्रुपमधले मास्तर माझ्या कामाच्या शेडमध्ये आले. एकोणीस वर्षं कोरडे आहेत आणि कुणाला ते विसरू देत नाहीत. स्पिरिटचा डबा बघून म्हणाले, दुधाच्या राखणीला मांजर बसवलंय, धंदा बदल. मी म्हटलं, मास्तर, पॉलिशची लाख स्पिरिटमध्येच विरघळते, उपदेशात नाही. चांगलं बोललो. ते हसले नाहीत. म्हणाले, हे विष आहे, आधी डोळे घेतं.
डब्यावर 'विष' छापलेलंच आहे. मला वाचता येतं.

७ मार्च. दिवस १०६.
जुनं पॉलिश खरवडून झालं. खालचं लाकूड काय सुरेख निघालं.
हल्ली स्पिरिटमध्ये भेसळ फार. जुने कारागीर जिभेवर थेंब ठेवून पारख करायचे. तेवढंच केलं. माल चांगला आहे. सोनार सोनं कसाला लावतो, म्हणून तो चोर होत नाही.

९ मार्च. दिवस १०८.
पुन्हा पारख. वरचा माल चांगला असला तरी तळाचा वेगळा असू शकतो.

११ मार्च. दिवस ११०.
डबा अर्ध्यावर आलाय. स्पिरिट उडतं, उडणं हा त्याचा धर्मच. बायको म्हणाली, घट्ट झाकण लावल्यावरसुद्धा? तिला विज्ञानात गती नाही. हलका डबा बघून उगाच जिवाला घोर लावून घेईल, म्हणून थोडं पाणी घालून ठेवलं. तिच्यासाठीच.

१५ मार्च. दिवस ११४.
पॉलिशचा पहिला हात. पांढरा पडला. टेबलावर धुकं बसल्यासारखं दिसतंय. हवा दमट आहे.
बायको म्हणते, दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतायत. कपड्यांचं वेगळं असतं.

१८ मार्च. दिवस ११७.
दुसरा हात. जास्तच पांढरा. मग लक्षात आलं, खिडकीही पांढुरकी दिसते, बायकोचा चेहराही. म्हणजे टेबलात दोष नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय. केवढा जीव भांड्यात पडला.
मास्तरांचे तीन फोन. घेतले नाहीत. कामात खंड नको.

२१ मार्च. दिवस १२०.
निश्चय. आजपासून पारख बंद.
संध्याकाळी ५. शेवटची पारख.

२५ मार्च. दिवस १२४.
कालचीही शेवटची नव्हती. आजची आहे.

२६ मार्च, दुपारी ४. दिवस १२५.
मुलगी आणि नात आल्या. नातीने टेबल बघितलं आणि विचारलं, आजोबा, ह्याच्यावर दूध सांडलं का? मी हवेबद्दल सांगितलं.
 मुलगी ह्याच शेडमध्ये वाढली, पॉलिशचे कापडी बोळे मला तीच वळून द्यायची. तिने टेबलावरून बोट फिरवलं, मग डबा उघडून हुंगला. म्हणाली, बाबा, मी नऊ वर्षांची असताना ह्यात पाणी सांडलं होतं आणि तुमच्यापासून लपवलं होतं. तेव्हाही पॉलिश असंच पांढरं पडलं. तुम्हीच म्हणालात, लाख पाणी लपवत नाही.
मग विचारलं, किती दिवस झाले?
मी म्हटलं, एकशे पंचवीस.
म्हणाली, ते नाही विचारलं.
तिने नातीला आजीकडे पाठवलं. माझ्यासमोर बोटं धरली. किती? मी तीन म्हटलं. तिने हात खाली घेतला, बरोबर की चूक ते सांगितलं नाही. चपला माझ्या पायांपुढे सरकवल्या आणि म्हणाली, चला.

२८ मार्च. दवाखाना.
ओळी नीट दिसत नाहीत, अंदाजाने लिहितोय. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर बोलायलाच नको होतं. नजर बरीचशी परत येईल. सगळी नाही.
मास्तर येऊन बसले. उपदेश ऐकायला लागू नये म्हणून डोळे मिटून पडलो. ते तासभर गप्प बसले. त्यापेक्षा उपदेश परवडला असता.
मुलीला म्हटलं, टेबल दुसऱ्या कारागिराला दे. म्हणाली, राहू दे शेडमध्ये, खरवडायला तुम्हीच लागाल. डबा तिने नेला. टेबलाला आता नुसतं तेल लावायचं. नातीबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.
दिवस दुसरा.
हवा कोरडी. महिनाभर कोरडीच होती.