पन्नास ग्रॅमचा फरक

१ नोव्हेंबर
दफनभूमीतून आलो. विंकोच्या थडग्यावर चार मेणबत्त्या. धाकटा भाऊ माझा. स्प्रूसच्या झाडाखाली चिरडला गेला, त्याला येत्या बारा तारखेला वर्ष. मी चाळीस पावलांवर होतो, हातात चेनसॉ, साखळीची यांत्रिक करवत. एवढं धूड घेऊन कोण वेळेवर पोचणार? चूक वजनाची होती.
संकल्प: साखळी ज्याच्यावरून पळते, तो पोलादी बार घरीच हलका करणे. बारा तारखेच्या आत.

३ नोव्हेंबर, सकाळी ७
बायकोच्या, रेझकाच्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बार: एक किलो दोनशे दहा ग्रॅम. भोकं पाडून सातशेवर आणतो. किरकोळ काम.

दुपारी
ड्रिलचे तीन बिट मोडले. पोलाद विंकोसारखं हट्टी.

५ नोव्हेंबर
सात भोकं. एक किलो एकशे ऐंशी. प्रगती उत्तम. बायको म्हणते, अक्रोडाच्या केकमध्ये लोखंडाचा कीस लागतोय. म्हटलं, रक्ताला चांगला असतो.

८ नोव्हेंबर
अकरा भोकं. एक किलो एकशे साठ. आता पुरे, सातशेचा हट्ट कशाला.
चालवून पाहिला. भोकांतून शीळ वाजते. दोन सूर, दुसरा चढा. विंको दातांच्या फटीतून अशीच मारायचा. त्या दिवशीही मारली होती. मला वाटलं, बाटली मागतोय.
हवेमुळे होतं. करवत बंद केल्यावर शीळ जरा उशिरा थांबली, एवढंच.

९ नोव्हेंबर
शेजारचा येर्नेय टपकला. विचारतो, ब्लाझ, त्या स्प्रूसच्या खुंटावर तीन क्रूस कोरलेस ना? म्हटलं, घाईत राहिलं. म्हणाला, वर्षभर घाई? अरे, रानातली भुतं मागे लागली की मेलेल्याला क्रूसाच्या खुंटावरच तेवढं बसता येतं. तुझा भाऊ अजून पळतोय म्हण की!
आगाऊ माणूस. जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर, दुपारी
रानात गेलो. दोन क्रूस कोरले. तिसरा नंतर, आधी टेस्ट. करवत बंद करून, हातात घेऊन, गेल्या वर्षीच्या जागी उभा राहिलो.
शीळ आली. करवत बंद होती.
आलो रे, आलो, असं ओरडत धावलो. चाळीस पावलं. अकरा सेकंद. करवतीसकट पोचलो! म्हणजे पन्नास ग्रॅमनेच सगळा घात केला होता. रडू आलं, आनंदाने असावं.
घरी येऊन रेझकाला सांगितलं. तिने पीठ मळायचं थांबवलं. म्हणाली, ब्लाझ, त्या दिवशी करवत तुझ्या हातात नव्हतीच रे. खाली ठेवून तू पाव खात बसला होतास. हातातलं संपवून उठलास. तूच सांगितलंस मला, त्या रात्री.
तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर
तिसरा क्रूस राहिलाय.
काटा अजून टेबलावरच आहे. त्यावर ठेवून पाहिला. चरबी लावलेला पावाचा तुकडा, एक. ऐंशी ग्रॅम.