पहिला गणपती कोणाच्या गॅरेजमध्ये

६ ऑगस्ट २०२४, मॉरिसव्हिल, अमेरिका
सूनबाई यामिनीने लायब्ररीतल्या मासिकातला लेख वाचून दाखवला. फ्रान्समधल्या एका आडगावचा मॅजिस्ट्रेट. कोर्ट सुटलं की जुनी दप्तरं चाळायचा. त्यातून गावाचा इतिहास लिहिला. आता तिथे त्याच्या नावाचा रस्ता आहे. ऐकून धडधडलं. बीपी १५०. मीही एकतीस वर्षं तालुका कोर्टात काढली. आपल्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, गणपतीला यंदा वीस वर्षं होतात. त्याचा इतिहास मीच लिहिणार. प्रकाशन १४ सप्टेंबरच्या कार्यक्रमात.

७ ऑगस्ट
गिरीश म्हणाला, बाबा, सगळे तुम्हाला जजकाका म्हणतात, खरं कधी सांगणार? काय सांगायचं? मी जज होतो असं मी कधीही म्हटलेलं नाही. 'कोर्टात होतो' एवढंच म्हणालो. नावं पुकारणारा शिपाई होतो का, हे कोणी विचारलंच नाही. साहेबांच्या खुर्चीपासून माझं स्टूल बारा फुटांवर होतं. फ्रेंच साहेब तरी न्यायाच्या याहून किती जवळ बसले असतील?
गणपतीत पहिल्या रांगेत मधली खुर्ची माझी असते. ती जाता कामा नये.

१२ ऑगस्ट
मूळ वाद असा. २००४ साली पहिला गणपती कोणाच्या गॅरेजमध्ये बसला? शेजारचा पुरुषोत्तम म्हणतो, माझ्या. समोरच्या घरातली प्रतिमा म्हणते, आमच्या, त्याच्या गॅरेजमध्ये ट्रेडमिल होती. रीतसर साक्षी घ्यायला हव्यात. व्हॉट्सॲप ग्रुपवर समन्स टाकलं. शनिवारी सकाळी साडेदहाला मूळ फोटोंसह हजर राहावं, न आल्यास एकतर्फी निकाल.

१४ ऑगस्ट
गडबड. कोपऱ्यावरच्या घरातला निहार व्हिसावर आहे. समन्स हा शब्द वाचून त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला फोन केला आणि दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मी समजावायला गेलो. तो म्हणाला, काका, मी २०२१ला आलो, मला त्या गणपतीचं काहीच माहीत नाही. लिहून घेतलं. सही घेतली. पहिली साक्ष झाली.

१७ ऑगस्ट
पुरुषोत्तम वेळेवर आला. शपथ घेतली, दोनदा चहा घेतला. फोटो आणला नाही. प्रतिमा आली नाही. मेसेज आला. काका, दिवसभर मॅनेजरला उत्तरं देते तेवढं पुरे. १० सप्टेंबरला माझे बाबा येतायत. ते वकील आहेत, काय ते त्यांना विचारा.
वकील कुठले, हे यामिनीकडून काढून घेतलं. मनोहर वकील. आमच्याच कोर्टातले.
रात्रीची गोळी दुपारीच घेतली.

२५ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. वकील फायलीत बघतो, शिपायाकडे बघत नाही. मनोहर वकिलांनी मला नीट पाहिलंच नसणार. मिशी तेवढी लक्षात असेल. जाड होती. अजून आहे.

२६ ऑगस्ट
मिशी काढली. वरचा ओठ गार लागतो. यामिनी म्हणाली, छान दिसता. गिरीश मान हलवून ऑफिसला गेला. ते वाईट.

१० सप्टेंबर
वकील आले. सकाळी कोट घालून फुटपाथवर फिरत होते. मी झाडाआड झालो. इथली झाडं फार बारीक.
इतिहास दीड पान झाला. त्यातलं एक पान लेखकाचा परिचय. तो बदलावा का? नंतर बघू.

१३ सप्टेंबर
गुडघा दुखतो असं सांगून पाहिलं. गिरीश म्हणाला, उद्या तुम्ही आला नाहीत तर विचारणाऱ्याला मी खरं ते सांगणार. म्हणजे जायलाच हवं. जाईन. तोंड उघडणार नाही. आवाजाशिवाय मला कोण ओळखणार?

१४ सप्टेंबर, रात्री ११
क्लबहाऊसमध्ये दीडशे माणसं. माइक बंद पडला. पुरुषोत्तमचा घसा आरत्यांनी बसलेला. पहिल्या वर्षीच्या लोकांना स्टेजवर बोलवायचं होतं, कोणी ऐकेना. त्याने नावांचा कागद माझ्या हातात दिला. म्हणाला, जजकाका, तुम्हीच बोलवा.
मला दोष देता येणार नाही. कागद हातात आला आणि मी दाराकडे तोंड करून पुकारलं. प्रतिमा हाजिर हो. तीन वेळा.
समोसे खाणारे थांबले. मागच्या रांगेत मनोहर वकील ताडकन उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, हजर आहोत साहेब. मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, अरे श्रीरंग, मिशी कुठे टाकलीस?
पुढे त्यांनी सगळ्यांना सांगितलं की या शिपायाचा पुकारा बसस्टँडवर ऐकू जायचा. टाळ्या झाल्या. कशाला झाल्या ते कळलं नाही. गिरीशने मला पाणी आणून दिलं. तो माझ्याशेजारी बसून राहिला.

१५ सप्टेंबर
आज पुरुषोत्तमने मला श्रीरंगकाका म्हटलं. आदराने म्हटलं असावं.
ठरलं असं. इतिहास मनोहर वकील लिहिणार, सहा महिने आहेत इथे. प्रतिमाला मान्य, पुरुषोत्तमलाही मान्य. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आज आरतीला त्यांना दिली. साक्षी मंगळवारी साडेदहाला सुरू, क्लबहाऊसमध्ये. साक्षीदार मी पुकारायचे. साक्षीशिवाय इतिहास नाही आणि पुकाऱ्याशिवाय साक्ष नाही, म्हणजे मुख्य काम माझ्याकडेच आलं.
संध्याकाळी जाऊन दाराजवळ स्टूल ठेवून आलो. पावलांनी मोजलं. बारा फूट बरोबर येतात.