मंडलाच्या मधोमध

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
आजपासून मन मोकळं करायचं. कागदावर.
ही लेकीकडे गेल्याला अकरा दिवस झाले. मी मोजत नाही, कॅलेंडर समोरच आहे म्हणून. भांडण असं काही नाहीच. हिचं शिलाई मशीन करकरत होतं, मी चांगल्या मनाने खोललं. जोडायच्या आधीच तीन स्क्रू कुठले ते कळेना. हिने चार शब्द ऐकवले, तर मी एवढंच म्हणालो की या वयात तुला शिवायचंय तरी काय. साधं वाक्य. हिने बॅग भरली.
लेक फोनवर म्हणाली, बाबा, बोलता येत नाही तर निदान चित्र काढा. वाचनालयात मंडला आर्टचा क्लास आहे, रंगांतून भावना मांडायच्या. गोल काढायचे म्हणे! अडतीस वर्षं कारखान्यात लेथवर दुसरं काय केलं?

४ मार्च
क्लास. सात बायका आणि मी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मधल्या ठिपक्यापासून सुरू करा, बाहेर जात जा. मी समजावलं, लेथवर माल नेहमी बाहेरून आत कापत नेतात. त्या म्हणाल्या, काका, हा माल नाही. वयाने लहान आहेत, येईल अनुभव.

६ मार्च
बाहेरचं वर्तुळ झकास. दात पाडले. अठ्ठेचाळीस, एकासारखा एक. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे गिअर का? म्हटलं, भावना आहेत.
कोपऱ्यात तक्ता केला. लाल म्हणजे राग, निळा शांती, हिरवा आशा. मला तसा निळाच लागणार.

९ मार्च, रविवार
ठरलं. मधोमध हिची खूण काढायची. सुईदोरा. त्यातच सगळं आलं. तोंडाने माफी मागणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. पुढच्या रविवारी चित्र पाठवायचं, मंगळवारी ही घरात.
तोवर मशीनही जोडून टाकतो. जेवणाच्या टेबलावर त्याचा पसारा आहे, खुर्च्यांवर सुट्या भागांचे डबे. उभ्यानेच जेवतो. पचनाला चांगलं.

११ मार्च
बाई चित्र बघून म्हणाल्या, काका, लाल पेन्सिल बोटभर उरलीय आणि निळीला अजून टोकही नाही. राग कुणाचा? म्हटलं, लाल पेन्सिलच कच्ची आहे. शिवाय ड्रॉइंगमध्ये चूक लालनेच दाखवतात. त्यांनी विचारलं, कुणाची चूक? मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

१३ मार्च
आत येता येता जागा संपली. मध्ये शर्टाच्या बटणाएवढी उरली. सुई मावली तर दोरा मावत नाही. खोडलं. पुन्हा कंपास टेकवला. पुन्हा खोडलं. बाईंना विचारता आलं असतं, पण त्या कामात होत्या.
उरलेले स्क्रू तीनाचे चार झाले. कसे, देव जाणे.

१५ मार्च
कंपासचं टोक एकाच जागी टेकून टेकून कागदाला मधोमध भोक पडलं. मागून तुकडा चिकटवला. वाईट दिसला, ओढून काढला. आता करंगळी जाते. काळजीचं कारण नाही. लांबून कळत नाही.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ५
टेबलावर चित्र ठेवून फोटो काढला, लेकीच्या फोनवर पाठवला. घर झाडलं. हिची उशी उन्हात टाकली होती, ती आत आणली. फोन आला की काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय. एकच ओळ आहे. करमत नाही, ये.

त्याच दिवशी, ७ वाजता
हिचा फोन आला. म्हणाली, अहो, चक्र छान काढलंय, पण मधल्या भोकातून माझ्या मशीनचा स्क्रू दिसतोय. अजून तसंच पडलंय का?
त्या एका ओळीचा कागद हातातच होता. मी म्हणालो, ऑइल मिळत नाहीये.
बरं, म्हणाली. लेकीच्या मशीनवर पडदे शिवायला घेतलेत, शेजारणींनीही कपडे आणून टाकलेत, एवढ्यात काही निघणं होत नाही. शिवायचंय तरी काय, हे आता मी कुठल्या तोंडाने विचारणार?
मग म्हणाली, जेवलात का? म्हटलं, हो, उभ्याउभ्याच. तर म्हणे, नीट बसून जेवत जा. आणि फोन लेकीकडे दिला.
कुठे बसू, ते विचारायचं राहून गेलं.