खोलीची शांतता

सोमवार, ८ ऑक्टोबर २०१२

पोचले एकदाची. जागा झकास आहे. गॅसची शेगडी, नळ थेट घरात, आणि आवारातलं लिंबाचं झाड फळांनी वाकलेलं. या वयात नवी नोकरी, तीही टीव्हीवाल्यांच्या स्वयंपाकाची! 'नंतरचा देश' अशी मालिका काढतायत. आपसातली लढाई संपल्यावर एल साल्वादोरचं काय झालं, ते लोकांच्या तोंडून. मला विचारलं असतं तर चुलीपाशीच सांगून टाकलं असतं: पुढारी जाडे झाले आणि पोरं उत्तरेला पळाली.

मुख्य बाई इव्होन, राजधानीची. ताटली सरकवली तरी आभार मानते. आवाजवाला विल्बेर, पन्नाशीचा, कानांवर डबे चढवून हिंडतो. कॅमेरावाला बोलत नाही, नुसता खातो. सगळे मला 'निन्या लिंदा' म्हणतात. निन्या म्हणजे पोरगी. बाई जितकी म्हातारी तितकी ती निन्या, अशी आमच्याकडची रीत.

वही नातीनं दिली, येसेनियानं. म्हणाली, आजी, होंडुरासला निर्वासितांच्या छावणीत अक्षरं शिकलीस, ती गंजू देऊ नकोस. गंजली तर गंजली, मला काय पाद्री व्हायचंय? तरी लिहितेय.

बुधवार, १० ऑक्टोबर

सकाळपासून तमाल केले. मक्याचं पीठ, कोंबडी, केळीच्या पानात बांधून वाफवलेले. वासानं शेजारची त्रान्सितो कुंपणाला येऊन टेकली. विचारते कशी, निन्या लिंदा, मेलं कोण? मयताला तमाल लागतातच, म्हणून. मी म्हटलं, अजून कुणी नाही, तुला घाई असेल तर बस. खूप हसली. दात नाहीत, पण हसणं दणदणीत.

दुपारी तिलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. तिचा नवरा सैनिकांनी नेला तो नेलाच. त्याचा दोरीचा झुला अजून पडवीत बांधलेला आहे. त्यात ती कुणाला बसू देत नाही, कोंबडी चढली तरी झाडू फेकते. हे सगळं तिनं सांगितलं. मग विल्बेरनं हात वर केला आणि सगळे दगडासारखे बसले. मलाही शेगडी बंद करायला लावली. म्हणे, खोलीची शांतता घ्यायची असते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. नंतर बोलणं कापून जोडताना मधे भरायला लागते, ठिगळाला त्याच रंगाचा दोरा लागतो तशी. शांततासुद्धा डब्यात भरून नेतात हे लोक.

शनिवार, १३ ऑक्टोबर

त्रान्सितोकडे मीठ मागायला गेले. बाई झुल्यात पसरलेली, पाय हवेत. मी म्हटलं, अगं, नवऱ्याच्या झुल्यात? ती म्हणाली, कुठला नवरा? डोकं फिरलं का तुझं, मी जन्माची एकटी. झुला हवा असेल तर सरळ माग, माझ्यावर नवरा कशाला लादतेस?

थट्टा असेल म्हणून मी हसले. ती नाही हसली. मीठ मात्र भरपूर दिलं. गाल भरलेत तिचे. झोप छान लागते म्हणाली.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

परवा माकारियो म्हातारा बोलून गेला. त्याच्या भावाला नदीवर गोळी घातली. तेव्हापासून हा नदी ओलांडत नाही, डोंगराला वळसा घालून बाजाराला जातो. कॅमेऱ्यासमोर लेकरासारखा रडला. मग ती शांतता.

आज बघते तर नदीच्या त्याच डोहात विजार धूत होता. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, पाण्याची? तू नवीन आहेस म्हणून सांगतो निन्या, या गावात कधी काही झालेलं नाही.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

इव्होनला डेल्मीबद्दल कळलं. येसेनियानं फोनवर सांगितलं. चोंबडी.

माझं मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितेच. डेल्मी माझी धाकटी, चार वर्षांची. चंद्राला भाकरी म्हणायची. ८२ साली सैन्य आलं, आम्ही डोंगरात पळालो, सैनिकांनी ती माझ्या कडेवरून ओढून घेतली आणि हेलिकॉप्टरमध्ये घातली. मारली नाही. वर नेली. अशी पोरं परदेशात दत्तक दिली, हे नंतर कळलं. म्हणजे असेल कुठेतरी. चौतिशीची असेल. नाव दुसरं असेल.

इव्होन म्हणते, मालिका तिकडेही दिसणार. अशी काही पोरं टीव्ही बघून आईपर्यंत पोचली आहेत. तुम्ही फक्त बोला.

मी म्हटलं, भात करपतोय.

सोमवार, २९ ऑक्टोबर

मी विल्बेरला खोदून विचारलं, बोलून झालेले सगळे विसरतात कसे? त्यानं डबे माझ्या कानांवर ठेवले आणि त्रान्सितोची शांतता लावली. कुणीच बोलत नव्हतं. पण झुला कुरकुरत होता. त्यात एक पुरुष खोकला.

मग माकारियोची लावली. पाणी. नंतर गोळी.

विल्बेर म्हणाला, पहिल्या भागात मीपण बोललोय. लोक म्हणतात, मला एक भाऊ होता. असं म्हणाला, जसं कुणी सांगावं की उद्या ऊन पडेल.

इव्होनला म्हटलं, बोलते, पण शांतता द्यायची नाही. ती गोड हसली. त्याशिवाय जोडता येत नाही हो, मग तुमचं दाखवताच येणार नाही.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. गावाबाहेरच्या सैबाच्या झाडाखाली क्रूस आहे, ज्यांची थडगी नाहीत त्यांच्यासाठी. दरवर्षी कागदी फुलांनी झाकून जातो म्हणे.

आज उघडा. जे जे बोलले ते सगळे घरात. माकारियो वाटेत भेटला, विचारत होता, हा क्रूस कुणाचा आणि असा वाटेत का पुरलाय.

मी डेल्मीसाठी फूल ठेवलं नाही. ती मेलेली नाही.

शनिवार, ३ नोव्हेंबर

न बोलले तर ती मला सापडणार नाही. बोलले तर दारात येईल, आणि मी विचारीन, कोण गं तू?

त्रान्सितो कुंपणावरून म्हणते, तोंड का असं उतरलंय, मेलं कोण?

रविवार, ४ नोव्हेंबर

बोलणार. तिला तरी कळेल आई होती. माझं काय.

भूक नाही. रडूही नाही.

सोमवार, ५ नोव्हेंबर

खुर्चीत बसलेय. सगळं सांगून झालं. विल्बेरनं हात वर केला. दार लावलं.

वही मांडीवर आहे. पेन्सिल दाबून लिहितेय, कर्रकर्र वाजतेय. वाजू दे. माझ्या हातून एकदा झाकण पडलं तेव्हा त्यांना शांतता पुन्हा घ्यावी लागली होती. आवाज असला की घेता येत नाही. मी थांबणार नाही —

डेल्मी. हनुवटीवर भाजल्याची खूण. तवा लागला होता. डेल्मी. विल्बेर मान हलवतोय, नको नको. लिहीनच.

डेल्मी. खूण होती. हनुवटीवर — की गालावर —

इव्होनचं बोट ओठांवर. हसतेय. छान बाई आहे.

पोरगी. चार वर्षांची. माझी. माझीच ना —

विल्बेर उठलाय. पेन्सिल मागतोय. का देऊ, मी लिहितेय ना, एक नाव लिहायचंय. ड नं सुरू होतं. ड —